मुरूमपुराण

पुण्यातल्या माणसाला मावळात जमीन घ्यावीशी वाटते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे धुकं असतं. प्रत्यक्ष जागा बघायला तो जातो तेव्हाही धुकंच असतं, आणि एजंटाला ते सोयीचं असतं. धुकं निवळल्यावर कळतं, की जाहिरातीतली ‘सह्याद्रीची कूस’ म्हणजे उतार आहे आणि ‘ओढ्याचं सान्निध्य’ पावसाळ्यात थेट प्लॉटमधून वाहतं. ‘भरपूर पाऊस’ एवढीच बाब जाहिरातीत असते तशीच्या तशी मिळते.

पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेवढ्यात आम्ही कामवाल्या बाईंपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांच्या नावाने ओरडून घेतो. लोणावळ्यात तो 4000 मिलिमीटरच्या वर पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. वडगाव-तळेगावकडे येता येता तो निम्म्याहून कमी होतो. आमची जागा या दोन टोकांच्या मधे, पवन मावळात, तिकोना गडाच्या नजरेच्या टप्प्यात. पाच गुंठे. त्यातले अडीच वर, अडीच खाली आणि मधे छातीएवढा चढ. तेव्हा घरापुढे अंगण, फाटकापासून दारापर्यंत पायवाट आणि वरचे अडीच गुंठे खालच्या अडीच गुंठ्यांना भेटायला येऊ नयेत म्हणून एक भिंत, एवढं करायचं ठरलं.

ठरल्याबरोबर घरात जी चर्चा पेटली, ती सगळी वरच्या इंचभराबद्दल. बायकोला कोटा फरशी हवी होती. मुलीने मोबाइलवर करड्या रंगाची कुठलीशी इटालियन फरशी काढून ठेवली होती. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, सरळ पॉलिशचा ग्रॅनाइट टाका. चेहरा दिसला पाहिजे.” जुलै महिन्यात मावळात पॉलिशच्या ग्रॅनाइटवर चेहरा दिसतो हे खरंच आहे. फक्त तो फार जवळून दिसतो. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण हाताला धरून दारापर्यंत आणायचं असेल तरच तो दगड घ्यावा. बाकीच्यांनी खरखरीत शहाबादी, तांदूर किंवा साधे पेव्हर ब्लॉक घ्यावेत.

मिस्त्री आले ते या चर्चेच्या ऐन भरात. शेजारच्याच गावचे, साठी उलटलेले, स्वतःची भातशेती सांभाळून गवंडीकाम करणारे. कोटा, इटली आणि ग्रॅनाइट अशी तिन्ही व्याख्यानं त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “वरचं बाई ठरवतील. खालचं कोन ठरवनार?”

खाली काही ठरवायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. मिस्त्रींनी पहार घेतली आणि नियोजित अंगणाच्या मधोमध मारली. ती विनातक्रार आत गेली. वर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळीभोर, चिकट माती लोंबत होती. प्लॉट होण्याआधी ही जागा भाताचं खाचर होती. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आम्ही पुण्यात वासावरून ओळखतो, पण तो ज्या मातीत उभा राहतो तिचा गुण आम्हाला ठाऊक नसतो. ती पाणी धरते. भाताला हेच हवं. अंगणाला नेमकं हेच नको. अशी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि वरची फरशी तिच्याबरोबर दर वर्षी वर-खाली होते. म्हणून मिस्त्रींचा पहिला हुकूम सुटला : वरची फूटभर माती उचला, कडेला रचून ठेवा, झाडांना घाला, पण हिच्यावर काही बांधू नका.

त्यानंतर आला मुरूम. मुरूम हा सगळा सारखाच, असं मला पन्नाशीपर्यंत वाटत होतं. मिस्त्रींनी गाडी रिकामी करू दिली नाही. गाडीवर चढून मूठभर मुरूम घेतला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला, करकचून आवळला आणि मूठ उघडली. मुरमाचा गोळा तळहातावरून सुटून पडला, हाताला नुसते खडे आणि थोडी लाली राहिली. “चालंल,” ते म्हणाले. याआधीच्या गाडीतला तळहाताला लेपासारखा चिकटून बसला होता, म्हणून ती गाडी आली तशी परत गेली होती. मुरूम म्हणजे इथल्या काळ्या कातळाचाच झिजून झालेला भुगा. त्यात खडा जास्त असेल तर तो दाबून बसतो. माती जास्त असेल तर पहिल्या पावसात लापशी होतो. ही सगळी परीक्षा एका मुठीत होते आणि तिचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

मग ब्रासचा हिशेब. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, इतकं सोपं आहे. आमचं अंगण 20 बाय 15 फुटांचं, त्याखाली अर्धा फूट मुरूम-खडीचा थर, म्हणजे 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. मी वहीत दीड लिहून खाली दोन रेघा मारल्या. मिस्त्री म्हणाले, “दोन सांगा. चोपल्यावर बसंल.” सैल माल चोपला की त्याचा पाचवा-चौथा हिस्सा हवेत जमा होतो, कारण तेवढी आत हवाच असते. पैसे मात्र हवेसकट द्यावे लागतात.

चोपण्याच्या कामाला धुमस लागतं. हल्ली प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो थरथरत अंगणभर फिरतो आणि चालवणारा माणूस संध्याकाळी जेवतानाही थोडा थरथरतो. पण कोपऱ्यात आणि भिंतीलगत लाकडी दांड्याचं लोखंडी धुमसच. नियम असा, की एका वेळी सहा इंचांहून जास्त थर घालायचा नाही. फूटभर एकदम ओतून वरून कितीही बडवलं तरी खालचा अर्धा फूट झोपलेलाच राहतो आणि पावसाळ्यात जागा होतो. पाणीही बेताने मारायचं. कोरडा मुरूम कुटला तर धूळ उडते, जास्त भिजवून कुटला तर चिखल होतो. मधली जी अवस्था आहे ती इंजिनिअर प्रयोगशाळेत काढतात, मिस्त्री चप्पल काढून काढतात.

मी बायकोची वेताची खुर्ची बाहेर आणून या कामावर देखरेख करत असे. देखरेख म्हणजे फोटो काढणे. आधी डबराचं सोलिंग, मोठे दगड उभे रचून मधल्या फटींत चिपा ठोकलेल्या. त्यावर मुरूम, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर इंचभर कच. कच म्हणजे धूळ नव्हे, हे मिस्त्रींनी मजुरांना आणि मला एकाच सुरात समजावलं. क्रशरची पीठासारखी भुकटी फरशीखाली घातली की ती पाणी शोषून बसते आणि फरशी दलदलीवर तरंगायला लागते. पायवाटेला 60 मिलिमीटरचे पेव्हर चालतात, गाडी उभी करायची तिथे 80 चे. कडेला काँक्रीटचा कर्ब हवाच, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाजूला सरकतात आणि घरमालकाला वाटतं, पायवाट रुंद झाली.

ढाळ हा स्वतंत्र अध्याय आहे. पन्नास फुटांना एक फूट, म्हणजे आमच्या पंधरा फुटांत साडेतीन इंच, घरापासून बाहेरच्या दिशेने. मेहुण्याचा याला सक्त विरोध होता. त्याचं म्हणणं, तिरक्या अंगणात चहाचा कप तिरका राहतो आणि माणसालाही थोडं तिरकं झाल्यासारखं वाटतं. मिस्त्रींनी लेव्हलची नळी उचलली, दोन्ही टोकांना पाणी दाखवलं आणि म्हणाले, “पावनं, कपातलं पानी तुमचं. अंगनातलं पानी देवाचं. ते ज्याचं त्याच्याकडं जाऊ द्या.”

हे त्यांच्या सगळ्या स्थापत्यशास्त्राचं सार होतं, हे मला भिंतीच्या वेळी कळलं. माझी कल्पना होती, की भिंत डोंगर अडवते. म्हणून मी जाड, भरीव, सिमेंटने सगळ्या फटी बुजवलेली, हत्तीने ढुशी दिली तरी न हलणारी भिंत मागत होतो. मिस्त्रींनी विचारलं, “आन् पानी?” मी म्हटलं, “पाणी कसं येईल? फटच नाही.” ते हसले. नंतर मी गणित करून पाहिलं. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबलं, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा येतो, आणि त्यात मातीचा रेटा धरलेला नाही. माती निदान स्वतःच्या अंगावर थोडी उभी राहते. पाण्याला तेवढाही स्वाभिमान नाही, ते पूर्ण भार दुसऱ्यावर टाकतं. म्हणजे मी मागत होतो ती भिंत खरं तर धरण होतं, आणि धरण बांधायला मावळात आधीच पुरेशी खाती आहेत.

आम्ही बांधलेली भिंत अशी : पाया ठिसूळ मातीच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत. भिंत थोडी पोटाकडे, म्हणजे डोंगराकडे कललेली. पाठीमागे फूटभर रुंदीचा डबर-खडीचा पट्टा, माती आणि खडीच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती खडीत शिरून फटी बुजवत नाही. आणि दर चार-पाच फुटांवर पाणी जायला पाइपची भोकं, बाहेरच्या बाजूला उतरती. भिंत छातीच्या वर जाणार असेल तर मिस्त्री कितीही जाणते असले तरी आधी इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्यावं. हे मिस्त्रींचंच मत. त्यांच्या शब्दांत, “तितून पुढं माजी वळख चालत न्हाई.”

यातलं काहीही नवं नाही, हे नंतर मावळात हिंडताना दिसत गेलं. एकदा हे खूळ डोक्यात शिरलं की माणूस निसर्ग बघायचा थांबतो. लोक भातखाचरांच्या हिरवाईचे फोटो काढतात, मी खाचरांच्या ताली बघतो. सिमेंटचा थेंब नसलेली, सांधमोड करून रचलेली दगडांची भिंत. पाणी तिच्या फटीफटींतून झिरपतं, म्हणून तर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. लोहगड 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा सगळ्यांनी गडाच्या विंचूकाटा माचीचे फोटो टाकले. मी दरवाजांमधल्या वळणदार वाटेवर ओणवा होऊन पाणी कुठून वाहून जातं ते शोधत होतो. समोरच्या विसापूरला भाजे गावाकडून जावं तर पावसाळ्यात पायऱ्यांवरून धबधबाच वाहतो. तरुण मंडळी त्यात भिजत ओरडत चढतात. मी एकटाच मधे उभा राहून म्हणत होतो, “बघा, एवढं पाणी डोक्यावरून जातंय, तरी पायऱ्या टिकल्यात!” एकाने मला दम लागलाय समजून ग्लुकोजची पुडी दिली.

भाजे, कार्ले, बेडसे इथल्या कारागिरांनी तर दोन हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न मुळातच काढून टाकला. भराव नको, मुरूम नको, ब्रास नको. घर डोंगरावर बांधण्याऐवजी डोंगरातच कोरायचं. पाया खचल्याची तक्रार अजून आलेली नाही. उलट उदाहरण हवं तर बोरघाटात आहे. 1856 ते 1863 अशी सात वर्षं खपून इंग्रजांनी घाटात रेल्वे चढवली. मूळ ठेकेदारानंतर ठेका घेतलेला ट्रेडवेल आल्यावर काही दिवसांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करवून घेतला. 37 फुटांना एक फूट असा चढ त्या काळी जगाच्या कौतुकाचा विषय होता. आणि 1867 च्या पावसाळ्यात याच घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. चढ सगळ्यांनी पाहिला होता, दगडांच्या पोटातलं कच्चं काम पावसाने पाहिलं. सरकारी तपासनीस कोट घालून येतो, वरून बघतो आणि चहा घेतो. मावळचा पाऊस खालून बघायला सुरुवात करतो.

आमचं काम मेअखेर संपलं. शेवटी कोटाच बसला, तोही खरखरीत, म्हणजे बायको जिंकली आणि मेहुण्याचा चेहरा वाचला. जून-जुलै कोसळला. भिंतीची भोकं पहिल्या मोठ्या पावसात ठिबकू लागली, दुसऱ्यात धार लागली. मी छत्री घेऊन एकेका भोकापाशी जाऊन धार तपासत होतो. बायको दारातून म्हणाली, “अहो, आत या, ती भोकं काय तुम्हाला ओळख दाखवणारेत का?” अंगण बसलं नाही, पायवाट सरकली नाही, भिंत हलली नाही. थोडक्यात, काहीही झालं नाही.

पायाच्या कामाची हीच मोठी शोकांतिका. चांगलं केलं तर काहीही होत नाही, आणि काहीही न झाल्याचं कौतुक कुणाला सांगणार? पाहुणे येतात, कोटा छान आहे म्हणतात. मी मोबाइल काढून सोलिंगचे फोटो दाखवायला लागलो की त्यांना एकदम परतीचं ट्रॅफिक आठवतं. मुलीने तर माझ्या त्या फोटोंना ‘बाबांचा लग्नाचा अल्बम’ असं नाव दिलं आहे, कारण खऱ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा हा जास्त वेळा उघडला जातो.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या प्लॉटचे गृहस्थ आले. त्यांच्या भरीव, गुळगुळीत, एकही भोक नसलेल्या भिंतीने चांगलंच पोट काढलं होतं. “तुमची कशी काय टिकली?” त्यांनी विचारलं. इतके दिवस मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो, तो माणसाने आपण होऊन, भर पावसात, दारी येऊन विचारला होता! मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि खाचराच्या मातीपासून जिओटेक्स्टाइलपर्यंत काहीही न गाळता सगळं सांगितलं. अल्बम पुढे केला. त्यांनी एक फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा वर सरकवून नीट न्याहाळला. मला भरून आलं.

“ही मागे वेताची खुर्ची दिसतेय,” ते म्हणाले, “कुठून घेतली?”

मी खुर्चीच्या दुकानाचा पत्ता सांगितला. बायकोने मिस्त्रींचा नंबर चिठ्ठीवर लिहून, न मागताच त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबला.