५३१९ मीटर आणि अर्धा किलो मेतकूट

महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा कळसूबाई, १६४६ मीटर. तिथं एकदा घंटा वाजवून आलं की मराठी ट्रेकरची राज्यातली बढती संपते. पुढचं पद हवं असेल तर हिमालयात बदली मागून घ्यावी लागते. मग कुणी हर-की-दूनला जातो, कुणी हमता पासला. आमच्या मंडळातल्या जाणत्यांना असल्या सगळ्यांच्या वाटा नको होत्या. त्यांना हवी होती दुर्गम वाट, जिथं मॅगीसुद्धा मिळत नाही. सर्वानुमते पिन-पार्वती ठरली. सर्वानुमते झालेला तो शेवटचा ठराव.

ही खिंड हिमाचलात. अलीकडे कुलूचं हिरवंगार पार्वती खोरं, पलीकडे स्पितीतलं उजाड पिन खोरं, मध्ये ५३१९ मीटरची धार आणि तिच्या दोन्ही अंगांना बर्फ. बरशैणीला गाडीतून उतरायचं आणि साधारण शंभर किलोमीटर तंगडतोड करून पलीकडे मुध गावात पुन्हा गाडी बघायची. खीरगंगेपर्यंत माणसांची वर्दळ. पुढे टुंडा भुज, ठाकुर कुआँ, ओडी थाच, मानतलाई. नावं गावांसारखी, पण गाव एकही नाही. कुठं कुरण, कुठं नुसते दगड, कुठं तळं. एखादा मेंढपाळ भेटला तर भेटला. १८८४ साली लुई डेन हा इंग्रज अधिकारी स्पितीला जायची दुसरी वाट शोधत इथून पार झाला; हाच गृहस्थ पुढे पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

अध्यक्षांनी हा इतिहास मोठ्यानं वाचून दाखवला. खजिनदार म्हणाले, "त्याला टी.ए. मिळत असणार."

पहिली बैठक तारखांवर अडली. जूनमध्ये खिंडीत बर्फ फार. जुलै-ऑगस्टात कुलूच्या बाजूला पावसाळा. नाले फुगलेले, दरडी सुटलेल्या. सप्टेंबर सरला की नवा बर्फ कधी पडेल याचा नेम नाही. म्हणजे बरे दिवस उरले ते ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आता याच दिवसांकडे मराठी माणसाच्या कॅलेंडरातून बघा. गणपती, गौरी, अनंत चतुर्दशी, आणि ते आटोपलं की पितृपक्ष. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी निघायला तयार होते. दहा दिवसवाल्यांनी त्यांच्या भक्तीबद्दल शंका काढली. त्यातून अध्यक्ष हे सोसायटीच्या मंडळाचेही अध्यक्ष.

"पार्वतीच्या खोऱ्यात निघालात," वहिनी म्हणाल्या, "आणि तिच्या लेकाला इथं टाकून?"

"दुसरा लेक भेटेल ना तिकडे," अध्यक्ष म्हणाले. खीरगंगेला कार्तिकेयानं तप केलं अशी तिथली आख्यायिका आहे, ती त्यांनी याच प्रसंगासाठी पाठ करून ठेवली होती. शेवटी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. पितृपक्षाचं काय, हा प्रश्न पितरांवर सोपवला.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला खजिनदार संगणकासमोर बसले आणि त्यांनी आधी परतीची तिकिटं काढली. "जायला काय, कसंही जाता येतं." मग जायची तिकिटं काढली, आणि दोन्ही तिकिटांच्या मध्ये जेवढे दिवस उरले तेवढ्यात पिन-पार्वती बसवायला आमच्या आयटीवाल्याला सांगितलं. त्यानं ती एक्सेलमध्ये बसवली. रोज किती वाजता कुठं पोचायचं, मिनिटांसकट. खिंडीवर १० वाजून ४० मिनिटांनी. राखीव दिवस शून्य. हा तक्ता चहाच्या दोन घोटांच्या मध्ये मंजूर झाला.

कारण पुढचा विषय होता जेवण, आणि त्याला वेळ द्यायचा होता. मानतलाई तळं सुमारे ४१०० मीटरवर. तिथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. ही माहिती कळल्यावर सभेत जी शांतता पसरली ती हिमनदीतल्या भेगांच्या वर्णनानंही पसरली नव्हती. मग मेतकूट-भात, की थालीपिठाची भाजणी, की गूळपोळ्या? पुणेकर मेतकुटावर ठाम राहिले. कोल्हापूरच्या पाहुण्यानं "पांढरा रस्सा कोरडा करून नेता येतो का" असं विचारलं आणि सभेनं ते गांभीर्यानं घेतलं. आमच्याबरोबर स्वयंपाकी असणार होता, हे सगळे सोयीस्करपणे विसरले होते.

सरावासाठी दर रविवारी सिंहगड. चढून वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. म्हणजे चढताना जे गमावलं ते उतरायच्या आत व्याजासह परत. आयटीवाला चाळीस मिनिटांत वर पोचायचा आणि बाकीच्यांची वाट बघत घड्याळ दाखवायचा. एका रविवारी डॉक्टरांनी त्याला भज्यांच्या टपरीवर बसवून सांगितलं, "तिथं सगळ्यात आधी तूच आडवा पडणार."

आमचे डॉक्टर डोळ्यांचे. पण उंचीच्या आजाराबद्दल तेच एकटे वाचून आले होते. खिंडीवर हवेत प्राणवायूचं प्रमाण इथल्याइतकंच असतं, दाब मात्र निम्म्याच्या जवळ येतो, त्यामुळे एका श्वासात जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. शरीराला हे पचवायला दिवस लागतात, आणि सिंहगड किती मिनिटांत चढता याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट दमदार माणूस पळत वर जातो आणि डोकं धरून बसतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामालाच. फुप्फुसात पाणी झालं किंवा मेंदूला सूज आली तर खात्रीचा उपाय एकच, लगेच खाली उतरणं. आणि मानतलाईहून खाली म्हणजे रस्त्यापर्यंत काही दिवसांची चाल.

"गोळी असते ना त्यावर?" अध्यक्षांनी विचारलं.

डायमॉक्स डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीची. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवायला तीच देतात. तिनं मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर जातं, रक्त किंचित आम्ल होतं आणि माणूस आपसूक जास्त श्वास घेतो. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. एवढ्या व्याख्यानातून खजिनदारांनी दोनच शब्द उचलले.

"लघवी वाढते? रात्री? तंबूच्या बाहेर?"

मग स्पीकर लावून कुलूच्या गाइडला फोन झाला. आयटीवाला तक्ता उघडून बसला.

"खिंडीवर दस चालीस को पहुँचेंगे, बराबर?"

"सर जी, दस चालीस पे तो बर्फ नरम हो जाएगी. रात को तीन बजे निकलेंगे."

ऊन चढलं की भेगांवरचा बर्फ मऊ होतो आणि पाय कुठं जाईल सांगता येत नाही, म्हणून ती वाट पहाटेच्या कडक बर्फावरून उरकायची. नाल्यांचंही तेच: सकाळी गुडघ्याएवढं पाणी, दुपारी वितळलेला बर्फ उतरला की त्याच नाल्यात माणूस उभा राहत नाही.

"और मौसम खराब हुआ तो?"

"बैठेंगे."

"कितने दिन?"

"वो तो मौसम जाने, जी."

आयटीवाल्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. 'बैठेंगे'साठी त्यात रकाना नव्हता. आपली बाजू सावरायला त्यानं परदेशातल्या भावाकडून सॅटेलाइट फोन मागवायचं सुचवलं. भारतात परवान्याशिवाय तसला फोन बाळगला तर हिमनदीच्या आधी पोलीस ठाणं बघावं लागतं, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं. डॉक्टर तेवढ्यात अप्रिय झाले.

खजिनदारांनी पोर्टरची मजुरी दिवसाला दोनशेनं कमी होते का, ते विचारून घेतलं. वहिनींनी फोनवर हात ठेवला. "भावजी, परवा बारा हजारांचं जॅकेट घेतलंत, तेव्हा नाही घासाघीस केलीत? तो तुमचं ओझं घेऊन त्याच बर्फातून चालणार आहे. त्याच्याकडे बूट आणि गॉगल आहेत का, विमा आहे का, ते विचारा आधी." खजिनदारांनी ते विचारलं. आवाज जरा बारीक होता.

शेवटची बैठक सामान तोलण्याची. रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणला होता. अध्यक्षांनी तो दाराच्या कडीला अडकवला आणि एकेक सॅक लटकवायला सुरुवात झाली. खजिनदारांची सॅक लावली तसा काटा सरसर खाली उतरून सतरावर थरथरत थांबला आणि कडी करकरली. सॅक सोफ्यावर रिकामी केली. स्टीलचा चार पुडांचा डबा. डिंकाचे लाडू, कागदात एकेक गुंडाळलेले. खारीक. गोडा मसाला. उपवासाचा चिवडा, कारण मध्ये एकादशी येत होती. आणि अर्धा किलो मेतकूट, दुहेरी पिशवीत, वर रबरबँड. तळाशी एक चुरगळलेली कानटोपी. हातमोजे नव्हते, गॉगल नव्हता, पावसाचा कोट नव्हता. टूथब्रश मात्र अर्धा कापलेला होता. "वजन कमी करायला," खजिनदार म्हणाले.

वहिनींनी डबा काढला, चिवडा काढला. मेतकूट निम्मं केलं. मग त्यांनी आयटीवाल्याकडून लॅपटॉप ओढून घेतला आणि परतीची तिकिटं रद्द करून दोन दिवस पुढची काढली. वेटिंगची. खजिनदारांना रद्द करण्याच्या आकाराचा आकडा ऐकू येताच धाप लागली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर.

बैठकांचा सगळा वेळ आपण आपल्या हातात असलेल्या गोष्टींवर घालवतो: बूट, जॅकेट, लाडू. खिंड पार होते की नाही ते ठरतं उरलेल्या दोन-तीन गोष्टींवर, आणि त्या कुणाच्याच सॅकमध्ये मावत नाहीत. तेव्हा पिन-पार्वतीचा बेत करत असाल तर परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. दोन दिवस हातचे ठेवा आणि ते वाया गेले तर स्पितीतल्या काझात बसून चहा प्या. पोर्टरची मजुरी मागतील तेवढी द्या. आणि वर गेल्यावर गाइड 'वापस' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. वादाला लागणारा प्राणवायू तिथं निम्माच असतो.