झीज की बिघाड?

हा माणूस तुमच्या ओळखीत आहेच. नसेल, तर जुनी गाडी घ्यायचा विचार चाललाय एवढं कुठेतरी जरा मोठ्याने बोलून बघा. मी फक्त आमच्या वॉचमनला विचारलं होतं, पार्किंगमधली खांबाशेजारची जागा कुणाची आहे म्हणून. संध्याकाळी सातला तात्या दारात. चपला काढता काढता पहिला प्रश्न, "वॉरंटीचे किती सांगतोय?"

गाडीच अजून बघितली नव्हती.

तात्या पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, तिला व्हर्नियर लावायचा आणि मान नकारार्थी हलवायची. निवृत्त झाल्यावर व्हर्नियर कंपनीत जमा केला, मान घरी घेऊन आले. सोसायटीत कुणीही फ्रिज घेतला, मुलीचं लग्न ठरवलं की ती मान एकदा तरी हलतेच.

तर पुढच्या शनिवारी आम्ही नगर रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. २०१८ची पांढरी हॅचबॅक, पेट्रोल, बासष्ट हजार किलोमीटर, तीन लाख नव्वद. विक्रेता पोरगेला होता आणि त्याला तात्या म्हणजे काय प्रकरण आहे याची कल्पना नव्हती.

"सिंगल ओनर आहे काका, डॉक्टरांची गाडी."

"व्हिजिटला जाणारे डॉक्टर की दवाखान्यात बसणारे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं. तात्याही टायरकडेच पाहत होते, पण ते वाचत होते. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. "बासष्ट हजार आणि टायर पहिलेच?" मान हलली. मग आत बसून ब्रेकच्या पेडलचं रबर बोटाने चाचपलं, कारण मीटर मागे नेता येतो, पेडलचं रबर मागे नेता येत नाही. मग त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत गेले, ओढत गेले, पार शेवटच्या हातापर्यंत. तिथे नाक लावून वास घेतला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला गाळाची रेघ राहते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, ह्यांना चक्कर आली.

पट्टा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "पंचवीस सप्टेंबर २०१९च्या रात्री ही गाडी कुठे होती?"

पुण्यात राहणाऱ्याला ही तारीख सांगावी लागत नाही. आंबील ओढा त्या रात्री आमच्या भागातून कसा गेला ते आम्ही गच्चीतून बघितलंय, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहत होत्या. पण त्या पोराला हा प्रश्न पोलिसांनी विचारल्यासारखा लागला. तो म्हणाला, "काका, मी तेव्हा बारावीत होतो."

एवढं झाल्यावर आम्हाला आत एसीत बसवून चहा दिला आणि टेबलावर तो कागद आला. दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी. पंधरा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, सतरा हजार सातशे. तात्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. (हो, भिंग. चष्म्यावरून.) कागदाच्या दर्शनी बाजूला इंजिन, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची रॅक असं सगळं ठळक छापलेलं होतं. तात्यांनी कागद सरळ उलटा केला. मागे मुंग्यांची रांग होती. क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाहीत, बॅटरी नाही, टायर नाहीत, वायपर, बल्ब, रबराचा कुठलाही भाग नाही. इंजिनात पाणी गेलं तर नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर नाही. मीटरशी खेळ झालेला असला तर नाही. आधीपासूनचा दोष असला तर नाही. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल तेव्हा, ठरवून दिलेल्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग केलं नाही तर काहीच नाही.

"आता मला एक सांग," तात्या त्या पोराला म्हणाले, "झीज की बिघाड, हे कोण ठरवणार?"

त्या क्षणी आमच्या आयुष्यात हा शब्दप्रयोग आला तो आजतागायत गेलेला नाही.

प्रश्न बिनतोड होता हे कबूल करायला हवं. वॉरंटी बिघाडाची असते, झिजेची नसते. बिघाड म्हणजे नीट चाललेली वस्तू अचानक बंद पडणं, तिचे पैसे ते देणार. झीज म्हणजे तीच वस्तू वापरून वापरून बंद पडणं, तिचे पैसे आपण द्यायचे. आता सात वर्षं जुन्या गाडीत न वापरता बंद पडलेली वस्तू कुठून आणायची? शिवाय कोण ठरवणार, तर वर्कशॉपवाला. त्याला पगार कोण देतो, हे विचारायचं नसतं.

पण बिनतोड प्रश्न एकदा विचारून थांबावं की नाही? महिन्याच्या आत सोसायटीची लिफ्ट बंद पडली. मेंटेनन्सवाला येऊन घाम पुसत उभा होता, त्याला तात्यांनी जिन्यातून विचारलं, "झीज की बिघाड?" तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची कवळी सैल झाली, झीज की बिघाड? वरच्या मजल्यावरचं नवराबायकोचं भांडण तर रात्रभर पाण्याच्या पाइपातून सगळ्यांनी ऐकलं होतं. सकाळी तात्या पेपर उघडत म्हणाले, "आवाज मोठा होता. म्हणजे बिघाड आहे, दुरुस्त होईल. आवाज बंद झाला की मात्र समजावं." नगरसेवक आला तेव्हा त्याला रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल हाच प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं, "तात्या, ते काम मागच्या टर्मचं आहे." तात्या खूश. "बघ, आधीपासूनचा दोष!"

हाडांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला आणि म्हणाले, "गुडघ्याची झीज आहे." मी डोळे मिटले. तात्या खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "डॉक्टर, नीट बघा, बिघाडात बसत असेल तर."

असो. वॉरंटी घ्यावी की नाही, हा माझा मूळ प्रश्न होता. त्याचं उत्तर तात्या देत नाहीत. ह्या जातीची माणसं उत्तर देतच नाहीत, ती मुद्दे देतात. लग्नाच्या अहेराच्या पाकिटामागे त्यांनी मला हिशोब मांडून दिला. सतरा हजार सातशे भागिले सातशे तीस दिवस, रोजचे सव्वाचोवीस रुपये. "दोन कटिंग," तात्या म्हणाले, "म्हणजे रोज दोन कटिंग पिऊन बिघाडाची वाट बघायची." उलट तेच पैसे बँकेत वेगळे टाकले तर आपणच आपली वॉरंटी. हे मला पटलं. मग मी प्रामाणिकपणे विचार केला की आपण बाजूला टाकलेल्या सतरा हजार सातशेचं काय होईल, आणि डोळ्यांपुढे सोफ्याची नवी कव्हरं आली. पुन्हा मुद्दा दुसरा: कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुतेकदा मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, ती संधी डॉक्टरांनी घालवलेली. ही जी आहे ती विक्रेत्याची. म्हणजे विक्रेता टिकला तर वॉरंटी टिकली. "विक्रेत्याची वॉरंटी कोण देतो?" तात्यांनी विचारलं. त्यावर मी काय बोलणार?

एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी ती पांढरी हॅचबॅक दुसऱ्याने नेली. मीटर, मुद्दे काही न बघता, बायकोला रंग आवडला म्हणून.

दुसरी मिळाली, करडी, चार लाखांना. ह्या वेळी सौ.ने सूत्रं हातात घेतली. "वॉरंटी घेऊन टाका," ती म्हणाली, "निदान तात्या तरी थांबतील." मी घेतली. तात्या थांबले नाहीत. त्यांनी मला निळी फाइल आणून दिली. आरसी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कसे भरायचे, विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. "लक्षात ठेव, बोनस माणसाचा असतो, वॉरंटी गाडीची." हे वाक्य ते ज्ञानेश्वरीच्या थाटात म्हणाले.

पाचव्या महिन्यात क्लच गेला. साडेआठ हजार. वर्कशॉपमधला मुलगा म्हणाला, "सर, हे वेअर अँड टेअरमध्ये येतं." फोन ठेवायच्या आत तात्या जिना उतरत होते. इतका आनंद मी त्यांना नातवाच्या बारशालाही झालेला बघितला नव्हता. नवव्या महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. आणि इथे घोळ झाला. तो त्यांनी मुकाट्याने बदलून दिला. एकोणीस हजारांचा. मी फक्त गॅसचे आणि तेलाचे सव्वीसशे भरले. म्हणजे हिशोब माझ्या बाजूने लागला. तात्यांना हे सहन होईना. बिल दोनदा भिंगाखालून गेलं. "चुकून झालं असेल," ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस, परत मागतील."

आता तुम्ही विचाराल, इतकं सगळं जाणणाऱ्या ह्या माणसाकडे गाडी कुठली? तात्यांनी अकरा वर्षं जुन्या गाड्या बघितल्यात, घेतली एकही नाही. त्यांच्याकडे चेतक आहे. निळी, १९८६ची. अजूनही सकाळी तिला पोटाकडे वाकडी करतात, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे येऊ देतात, किक मारतात, आणि पार्किंगमध्ये धूर पसरला की मुलं शाळेला उशीर झाला म्हणून पळत सुटतात. बुकिंग १९७८चं होतं, आठ वर्षं थांबले होते. त्या काळात नंबर लागलेला माणूस शोरूमच्या दाराबाहेरच स्कूटर विकून वर नफा घ्यायचा. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग. त्यांना कुणी वॉरंटी विचारली असती तर हसले असते. "हिच्यात आता चॅसिस आणि मी, एवढंच ओरिजिनल आहे," असं ते म्हणतात, आणि तेही गुडघा सोडून.

परवा पार्किंगच्या स्टिकरसाठी सगळ्यांच्या आरसीच्या झेरॉक्स गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. तात्यांची बघितली. मालकाचं नाव तात्यांचं नव्हतं.

"दादाचं आहे," ते म्हणाले. बुकिंग थोरल्या भावाच्या नावावर होतं. दोघांत एक स्कूटर. सकाळी तात्यांना पिंपरीला सोडायचं, दादांनी पुढे जायचं. १९९१ला दादा नोकरीसाठी नाशिकला गेले, स्कूटर इथे राहिली.

मी निळी फाइल आठवली. "आणि फॉर्म २९? तीस?"

"२९वर त्याची सही घ्यायची, की ही मी ह्याला देऊन टाकली. कशाला?" मग थोड्या वेळाने, "पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं. फॉर्म २५. सही मालकाची. २००१ला आला, सहाला आला, अकराला, सोळाला. दर वेळी आरटीओत रांगेत उभे राहायचो, फी भरायची, मग बाहेर येऊन मिसळ. एकवीसला करोना होता. फॉर्म कुरियरने गेला, कुरियरने आला."

"मधे भेट नाही?"

"आधी दर आठवड्याला पत्र असायचं. मग फोन आले, मग दिवाळीला फोन."

"भांडण झालं का काही?"

"छे! भांडण असतं तर मी जाऊन मिटवून आलो नसतो का?" ते स्कूटरच्या सीटवरची धूळ हाताने पुसत होते. ती तिथे नव्हती. "झीज आहे रे ती."

मी पुढे काही विचारलं नाही. यंदा २०२६. फॉर्म २५ पुन्हा आला. मी म्हटलं, कुरियर नको, माझी गाडी आहे, रविवारी सकाळी निघू, सही घेऊन संध्याकाळी परत.

तात्यांनी माझा वॉरंटीचा कागद मागून घेतला आणि रात्रभर ठेवून घेतला. रविवारी सहाला ते खाली उभे होते. "तुझ्या लक्षात आलं नसेल," त्यांनी दार उघडून बसता बसता सांगितलं, "रविवारी वर्कशॉप बंद असतात. म्हणजे नाशिकला गेल्यावर बिघाड झाला, तर सोमवार उजाडेपर्यंत तिथेच राहावं लागेल."

"काही होत नाही, तात्या. गाडी ठणठणीत आहे."

"सांगता येतं का?" ते म्हणाले आणि मांडीवरची पिशवी नीट केली. तिच्यात फॉर्म होता, भिंग होतं आणि दोन दिवसांचे कपडे होते.