आग्रहाचं ऑपरेशन

पनवेल हे वाटेत थांबून खायचं गाव आहे. कोकणात जाणारा इथे थांबतो, पुण्याला जाणारा इथे थांबतो, आणि कुठेच न जाणारे आम्ही पनवेलकर त्यांना सोबत म्हणून खातो. कन्याकुमारीला पोचणारा 66 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पनवेलहून निघतो खरा, पण निघतो न निघतो तोच पळस्प्याला दत्त स्नॅक्सपाशी गाड्या उभ्या राहतात. कोथिंबीरवडी पोटात गेल्याशिवाय कोकणचा प्रवास सुरू झाला, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. अशा गावात राहून वजन वाढलं तर त्याला आजार म्हणायचं की रहिवासाचा दाखला, असा वाद मी डॉक्टरांशी बरीच वर्षं घालत होतो. शेवटी त्यांनी माझ्या शुगरचे आणि बीपीचे आकडे समोर ठेवले. वाद मिटला आणि ऑपरेशन ठरलं.

या ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात. मागे उरते ती एक अरुंद नळी, शंभर-दीडशे मिलिलीटर मावेल एवढी. वजन उतरवायला पोटावर सुरी चालवायची कल्पना तशी जुनी आहे. अल्सरमुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं होतं, आणि 1966 साली त्यांनी खास वजनासाठी म्हणून पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. आमच्या घरी मात्र या गोष्टीचा शोध 2011 साली लागला. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि त्यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी पेपरात आली होती. आईने ती मोठ्याने वाचली आणि पेपराच्या वरून माझ्याकडे बघितलं. नागपूरच्या खवय्याला जे जमलं ते पनवेलच्या खवय्याला का जमू नये, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

ऑपरेशन झाल्यावर आधी नुसतं पातळ: नारळपाणी, गाळलेलं ताक, वरणाच्या वरची निवळ. मग थोडं दाट. मग जे असेल ते मिक्सरमधून काढून. मिक्सरमधून काढलेलं वरण हे वरणच राहतं, पण मिक्सरमधून काढलेली दुधीची भाजी कुणाचीच राहत नाही. त्यानंतर मऊ पदार्थ, आणि दीड-दोन महिन्यांच्या सुमारास घन आहार. प्रत्येकाचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण त्या शेवटच्या ओळीकडे डोळे लावून बसणं सगळ्यांचं सारखंच असावं.

तो दिवस उजाडला तेव्हा आईने माझं उष्टावण असल्यासारखी तयारी केली. पाट मांडला, देवापुढे दिवा लावला. उष्टावणात मामा बाळाला खीर भरवतो. माझे मामा गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत आणि खिरीला आहारतज्ज्ञांची बंदी होती, एवढे दोन फरक सोडले तर विधी यथासांग पार पडला.

ताटाचा क्रम मात्र पार उलटा झाला होता. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत आणि जागा तर एवढीशी. म्हणून आधी मासे, अंडं, पनीर किंवा उसळ. मग भाजी. जागा उरली तर भात-पोळी. जागा उरत नाही. ज्या जिल्ह्याला भाताचं कोठार म्हणत आले त्या रायगडातल्या माणसाने भाताला सर्वांत शेवटी हात लावायचा, हे आईला पटेना. तिला आणखी धक्का बसला तो पोळीचा. तिची घडीची, पदर सुटलेली मऊसूत पोळी नळीत गोळा होऊन बसते आणि खडखडीत भाजलेला टोस्ट निमूट खाली उतरतो, हे तिने आधी आहारतज्ज्ञांचं अज्ञान मानलं. मी पोळीचा एक तुकडा खाऊन दाखवला. पुढचा पाऊण तास मी छातीवर हात ठेवून घरभर फेऱ्या मारल्या, तेव्हा तिने टोस्टचा पुडा आणवला.

म्हणून उद्घाटनाचा मान ओल्या बोंबलाला मिळाला. बोंबील हा मुळातच अर्धा पातळ आहारात मोडणारा जीव. पण नियम असा की घास कितीही मऊ असो, पंचवीस-तीस वेळा चावायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ घासाचं पाणी होईपर्यंत चावा असा प्रचार करून जगप्रसिद्ध झाले. दात बत्तीस म्हणून बत्तीस वेळा चावा, असं आमचे मास्तरही सांगत, पण त्यांना गल्लीबाहेर कुणी ओळखलं नाही. इतकं चावण्याचा एक तोटा आहे: तोंड कायम भरलेलं असल्याने बोलता येत नाही. घरातले अनेक महत्त्वाचे निर्णय त्या काळात माझ्या संमतीने झाले, अशी नोंद आहे.

पोट भरल्याचं आधी नाकाला कळतं, ही या नव्या व्यवस्थेतली सगळ्यांत नवलाची गोष्ट. एखादा घास जास्त होऊ लागला की नाकातून पाणी येतं. काहींना उचकी लागते, काहींना शिंक येते. डॉक्टरांनी याची कल्पना मला दिली होती, आईला दिली नव्हती. पहिल्या दिवशी माझ्या नाकाडोळ्यांना पाणी आलेलं पाहून, इतक्या दिवसांनी आपल्या हातचं खाऊन पोराला भरून आलं, असं तिला वाटलं. तिने प्रेमाने आणखी अर्धा बोंबील वाढला.

इथे माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांनी फक्त माझं पोट कापलं होतं. आग्रह शाबूत होता.

भुकेचं एक शास्त्र आहे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक 1999 साली कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि या ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग जातो. माझ्या पोटातले कावळे निदान काही काळापुरते गाव सोडून गेले. घड्याळ बघून खायचं, नाहीतर विसरायला होतं. भूक अशी बाजूला झाल्यावर मला दिसायला लागलं की आपण कशाकशासाठी खात होतो. हार्बरची गाडी पनवेलला संपते म्हणून स्टेशनबाहेर वडापाव. पाऊस आला म्हणून भजी, पाऊस थांबला म्हणून चहा आणि खारी. पाहुणे आले म्हणून त्यांच्याबरोबर, पाहुणे गेले म्हणून उरलेलं. या कारणांच्या यादीत पोट फार खाली होतं. सगळ्यात वर होती माणसं.

आपल्याकडे प्रेम पळीने मोजतात. 'कसा आहेस?' असं विचारायला संकोचणारा माणूस 'अजून एक घे' हे दहा वेळा म्हणू शकतो. त्यामुळे नको म्हणणाऱ्याने नुसता पदार्थ नाकारलेला नसतो. तो वाढणाऱ्यालाच नाकारतोय, असं ऐकू जातं. माझं ताट बघून एका काकूंनी, 'कर्नाळ्याचे पक्षीसुद्धा याच्यापेक्षा जास्त खातात,' असं अभयारण्याच्या वतीने सांगितलं. जास्त खाणाऱ्याची आमच्या गावात सोय आहे. श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची कंपनी 1872 साली पनवेललाच सुरू झाली, त्यामुळे पाचकांची परंपरा मोठी. कमी खाणाऱ्यावर मात्र कुणाकडे चूर्ण नाही.

थंडीत एका आगरी मित्राच्या शेतावर पोपटीला गेलो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोपडलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. मी माझी अडचण आधीच सांगितली होती. मित्र समजूतदार. म्हणाला, ''दादा, तुला काय चालतं तेवढंच सांग. ढीगभर देतो.'' मी अर्धं अंडं आणि वालाचे चार दाणे घेतले आणि चावत बसलो. इतकी वर्षं पोपटी खाल्ली, पण भांबुर्डीचा तो कडवट वास वालाच्या दाण्यात थेट आतपर्यंत उतरतो, हे तेव्हा प्रथम कळलं. आधीच्या वर्षांत दाण्याला तेवढा वेळच मिळत नसे.

या चार दाण्यांमुळे मी संत झालो, असा कुणी समज करून घेऊ नये. ही नळी भलत्यांनाच अडवते. कोंबडीचा सुका तुकडा अडतो, पोळी अडते, पण श्रीखंड, बासुंदी आणि आइस्क्रीम बिनदिक्कत सरकतात. ज्यांनी वजन वाढवलं त्यांनाच रस्ता मोकळा. शिवाय जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या कायमच्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर आपलं काम उरकून जातात, मग पुढची राखण घरच्यांच्या पळीवर असते.

म्हणून ज्यांच्या घरी, शेजारी किंवा सोयऱ्यांत असा नव्याने जेवायला लागलेला माणूस असेल, त्यांना हात जोडून सांगणं आहे. त्याला जेवायला जरूर बोलवा, तो चुकवत असला तरी बोलवा. वाटी लहान द्या, आधी मासा किंवा उसळ वाढा, पाण्याचा तांब्या लांब ठेवा. त्याच्या नाकाला पाणी आलं तर गहिवरू नका, पळी खाली ठेवा. त्याला चावायला वेळ लागतो, तेवढा वेळ शेजारी बसा आणि गप्पा तुम्ही मारा. आग्रह करायचाच असेल तर बसण्याचा करा. आणि उरलेलं डब्यात भरून द्यायला विसरू नका. त्याच्या घरी बाकीच्यांची पोटं अजून पूर्वीएवढीच आहेत.