फोटोत मुलं कुठे आहेत?

बारावीचा निकाल लागला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची मुलं फोनवर कॉलेजांच्या वेबसाइट उघडतात. होमपेजवर त्यांना काय दिसतं? समई पेटवणारे प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ आणि ठळक अक्षरांत कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी. कार्यक्रमासाठी राबलेली मुलं दिसलीच तर कोपऱ्यात, बिल्ला लावून उभी.

याचं कारण साधं आहे. नॅकला दरवर्षी एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल पाठवायचा असतो आणि त्यात प्रत्येक उपक्रमाचा पुरावा लागतो : अहवाल, हजेरीपट, जिओटॅग केलेला फोटो. फाइलसाठी काढलेला हा फोटो हाताशी असतो, तोच होमपेजवर चढतो. म्हणजे निवड कोणी करतच नाही. प्राध्यापकांना मी फार दोष देणार नाही. तास आणि पेपरतपासणी सांभाळून हे अहवाल तेच लिहितात.

पण सांगण्यासारखं इतकं असताना ते दडून राहतं, याचा मला राग आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) स्वयंसेवक दोन वर्षांत 240 तास काम करतो. त्याच्या गावातल्या शिबिराच्या उद्घाटनाचा फोटो लगेच झळकतो. सातव्या दिवशी गावात काय उभं राहिलं, ते कोणी लिहीत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला क्षेत्र प्रकल्प आले. असल्फ्याच्या टेकडीवर पाणी किती वाजता चढतं, दहिसर नदीत सांडपाणी कुठून मिसळतं, 2018मध्ये बंद झालेल्या मुलुंडच्या कचराभूमीशेजारचे रहिवासी आज काय म्हणतात, हे सगळे विषय कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. असं काम करणाऱ्या मुलांचं नाव आणि त्यांना सापडलेली माहिती पहिल्या पानावर हवी. पण ते प्रकल्प गुण मिळाले की कपाटात जातात.

होमपेजसाठी निवड समिती नेमा; तिच्यात दोन विद्यार्थी घ्या, ग्रंथपालांनाही घ्या. प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारा : यात मुलांनी काय केलं? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर ती बातमी आतल्या पानावर टाका. पाहुण्यांचा फोटो आठवड्यात उतरवा. आणि त्या जागी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख लावा, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत; भांडुपच्या चाळीत मुलीची फी जमवणाऱ्या आईलाही ती वाचता आली पाहिजे.