छपराची नाव आणि नावेतले घोडे

फ्रान्समधील लियों शहराच्या दक्षिणेस, ऱ्होन नदीच्या उजव्या काठावर वसलेल्या सेरिएर या गावात संत सोस्थेन यांच्या नावाचे एक जुने चर्च असून, त्यात आता ऱ्होनच्या नावाड्यांचे संग्रहालय नांदते. आत शिरलेल्या प्रवाशाने नाव पाहण्यासाठी आधी मान वर करावी, कारण चर्चच्या लाकडी छपराचा सांगाडा उपड्या नौकेसारखा आहे. कोकणात होडी पावसाळ्यापुरती उपडी घालतात, येथे मात्र ती कित्येक शतके उपडीच असून सुलटी करण्याची घाई कोणालाही नाही.

खाली नावाड्यांचे क्रूस आहेत. नावेवर उभारल्या जाणाऱ्या या लाकडी क्रुसांवर येशूच्या यातनांची साधने लावलेली असत: हातोडा, पकड, खिळे, शिडी, शिपायांनी त्याच्या वस्त्रांसाठी टाकलेले फासे, आणि पीटरने त्याला तीनदा नाकारल्यावर आरवलेला कोंबडासुद्धा. अनभिज्ञ प्रेक्षकाला एखाद्या सुताराने आपली हत्यारे कोंबड्यासकट टांगून ठेवली असावीत असे वाटते, आणि येशूचे घराणे सुतारांचेच असल्यामुळे त्याला फारसा दोष देता येत नाही.

वाफेच्या बोटी येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध निघालेला नावांचा तांडा काठावरून चालणारे घोडे दोरखंडांनी ओढून नेत, त्यामुळे लियोंहून आर्लपर्यंत काही दिवसांत उतरणाऱ्या तांड्याला परतताना महिनाभर लागे. हेच घोडे खाली जाताना मात्र नावेत उभे राहून ऐटीत प्रवास करत, आणि त्यांच्या ओटधान्यासाठी तांड्यात वेगळी नाव असे. उतारूंकडून परतीचे भाडे इतक्या काटेकोरपणे वसूल करणारी दुसरी वाहतूक सापडणे कठीण.

दिशा दाखवताना हे नावाडी डावे-उजवे म्हणत नसत, कारण नाव वळली की हात बदलतात. ते उजव्या काठाला ‘राज्य’ आणि डाव्या काठाला ‘साम्राज्य’ म्हणत, म्हणजे एकीकडे फ्रान्सचा राजा आणि दुसरीकडे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट. समोरचा दोफिने प्रांत 1349 मध्येच फ्रान्सकडे गेला आणि ते साम्राज्यही 1806 मध्ये संपले, तरी सुकाणूवरच्या माणसाला ही वार्ता कळवण्याची तसदी कोणी घेतली नसावी, कारण एकोणिसाव्या शतकातही तो सम्राटाच्याच बाजूला नाव वळवत होता. संग्रहालय पाहून पुलावरून पलीकडच्या साब्लों गावी जाणारा प्रवासी या हिशेबाने साम्राज्यातच पाऊल ठेवतो, आणि तेथे त्याचा पासपोर्ट कोणीही मागत नाही.