खाजण मोकळं करण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

उरण, पेण, अलिबाग पट्ट्यात खाडीकाठी स्वस्तात जमीन घेतलीत? अभिनंदन! तिच्यावर तिवरं आहेत, एवढीच काय ती अडचण. कुऱ्हाडीला मात्र हात लावू नका. तिचा आवाज होतो आणि पंचनाम्यात ताज्या खुंटांचे फोटो येतात.

त्यापेक्षा पाणी अडवा. भरतीचं पाणी ज्या वाटेनं आत येतं, तिच्या तोंडावर रात्रीत दोन-चार डंपर मुरूम ओता. तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर डोकावत असतात. आत साचलेलं पाणी निघालं नाही तर ती गुदमरतात, आणि पाणी यायचंच थांबलं तर चिखल तडकतो. काहीही झालं तरी फायदा तुमचाच. पानं पिवळी पडली, निवट्या दिसेनाशा झाल्या, चिंबोऱ्यांची बिळं ओस पडली की समजा, काम मार्गी लागलं. कोणी विचारलंच तर सांगा, "झाडं आपोआप मेली, साहेब."

खरी गंमत झाडांखालच्या चिखलात आहे. शेकडो वर्षांची पानं-मुळं त्यात गाडलेली असतात. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून ती धड कुजत नाहीत आणि त्यांतला कर्ब जागच्या जागी राहतो. हेक्टरी हिशेब केला तर डोंगरावरच्या जंगलापेक्षा कितीतरी पट जास्त. चिखल सुकवलात की त्यात हवा शिरते आणि तोच कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडू लागतो, पुढे कित्येक वर्षं. सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही, निर्धास्त असा.

या वायूमुळे वाढलेली उष्णता बहुतेक समुद्रच पोटात घेतो, आणि वादळं पोसली जातात ती कोमट समुद्रावरच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' आलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ते तुमच्या मुरुमानं आणलं, असं कोणी म्हणणार नाही. पुढचं येईल तेव्हा लाटेचा जोर मोडायला मध्ये तिवरं नसतील, इतकंच. 'सी व्ह्यू'साठी जादा पैसे मोजलेत ना, मग पहिल्या रांगेत बसा.

हो, एक किरकोळ बाब राहिलीच. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही, कडेच्या ५० मीटरांतही बांधकाम नाही. शिवाय नष्ट झालेली तिवरं पुन्हा उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. म्हणजे झाडं मेली, तरी जमीन काही मोकळी झाली नाही.