तिसऱ्या माळ्यावरचे बागायतदार

नागपुरात हल्ली जवळपास प्रत्येक अपार्टमेंटमध्ये एक तरी बागायतदार असतो. त्याच्या नावावर सातबारा नसतो, विहीर नसते, बैलजोडी तर नसतेच. असते ती दहा बाय अकराची एक खोली, जी मुलगी पुण्याला नोकरीला गेली त्या आठवड्यात रिकामी झाली आणि पुढच्याच आठवड्यात लागवडीखाली आली.

हा गृहस्थ पाटबंधारे, वीज मंडळ, वेकोलि किंवा एखाद्या बँकेतून निवृत्त झालेला असतो. मूळ गाव काटोल, नरखेड, फार तर वरुड. आजोबांच्या वेळी संत्र्याची बाग, वडिलांच्या वेळी वाटण्या, स्वतःच्या वेळी विक्री आणि विक्रीच्या पैशात बेसा नाहीतर मनीषनगरला फ्लॅट. बाग गेली. बागायतदार कुठं जाणार? तो लिफ्टने तिसऱ्या माळ्यावर आला.

वीज मंडळातून निवृत्त झालेले आमच्या इमारतीतले बागायतदार ओळखायला सोपे. त्यांना तब्येत विचारली की ते खोलीचं तापमान सांगतात. "कसं काय काका?" म्हटलं की, "सत्तावीस. ओलावा बासष्ट." एवढ्यावर आपण समजून घ्यायचं की प्रकृती उत्तम आहे. एकोणसाठ म्हणाले तर घरी भांडण झालेलं असतं.

त्यांच्या या वेडामागे नागपूरची हवा आहे. 23 मे 2013 रोजी या शहरात पारा 47.9 वर गेला होता आणि डिसेंबर 2018 मध्ये 3.5 वर उतरला होता. एवढ्या पसाऱ्यात नागपूरकर जन्मभर नुसता सोसत असतो. खिशात कांदा ठेवतो, डोक्याला दुपट्टा बांधतो, नवतपा मोजतो. हवेनं म्हणावं आणि आपण ऐकावं. आता साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा एक अशी जागा हाती आली जिथं बागायतदारांनी म्हणावं आणि हवेनं ऐकावं. रोपं हे निमित्त. खरी हौस हवामान खातं चालवण्याची.

खातं सुसज्ज आहे. खोलीत तापमान आणि ओलावा मोजायची तीन यंत्रं होती. तिन्ही वेगवेगळे आकडे दाखवत, म्हणून निवाड्यासाठी चौथं आणलं. आता चार मतं आहेत. 30 मे 2024 रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मागाहून हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दिवशी बागायतदारांचा चेहरा पाहण्यासारखा होता. दीडशे रुपयांचं आपलं यंत्र हातात धरून ते पार्किंगमध्ये प्रत्येकाला सांगत होते, "मी सकाळीच म्हटलं होतं, चव्वेचाळीसच्या वर नाही. सरकारला विचारायला काय जाते?"

नागपुरात कूलर ज्या खोलीत, उन्हाळ्यात घर त्या खोलीत. होळी झाली की कूलर निघतात, टाक्या धुतल्या जातात, नव्या ताट्या बसतात. त्या वर्षी बागायतदारांच्या घरचा मोठा कूलर बैठकीतून निघाला आणि झाडांच्या खोलीत लागला. त्यांचं शास्त्र बिनतोड होतं. ओल्या ताट्यांतून हवा जाते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, हवा गार होते आणि दमटही होते. माणसाला गारवा हवा, नेच्याला दमटपणा. मग दोघांचं एका कूलरवर का भागू नये? काकूंना हे शास्त्र तत्काळ पटलं. त्यांनी उशी उचलली आणि रॅकच्या खाली गादी टाकली. तेव्हा बागायतदारांच्या लक्षात आलं की माणसं आत आली की दार उघडावं लागतं.

तेव्हापासून त्या घरात एकच आरोळी ऐकू येते, "दार लावा! चार टक्के गेले!"

हे टक्के कुठं जातात, हा प्रश्न त्यांनी कूलरला कधी विचारला नाही. आतली दमट हवा बाहेर पडायला खिडकी उघडी असली तरच कूलर गार करतो. यांनी टक्के वाचवायला खिडकीच्या फटींनाही पट्ट्या लावल्या. जूनच्या मध्याला पाऊस आला तेव्हा बाकीच्यांनी कूलर बंद केले. यांनी पट्ट्या काढल्या तेव्हा भिंतीवर नकाशा उमटला होता, त्यात विदर्भ स्वतंत्र दिसत होता.

खोली लावायची तर आधी उजेड मोजावा लागतो. मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप घेऊन ते आठवडाभर घरभर हिंडले. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स, ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे. आपला डोळा लबाड असतो, बाहुली मोठी करून तो हा फरक लपवतो. झाडाला ती सोय नाही. म्हणून आपल्याला लख्ख वाटणाऱ्या कोपऱ्यात झाड उपाशी मरतं. हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि ऐकण्यासारखंही. पण पुढची व्यवस्था ऐका. खिडकीतून येणारं ऊन नागपूरचं, म्हणजे पानं करपवणारं. म्हणून खिडकीला जाड पडदा. पडद्यामुळे अंधार. अंधार झाला म्हणून दिवे. ज्या शहरात ऊन दारात येऊन अंगावर पडतं तिथं हा माणूस ऊन विकत आणतो आणि त्याचं बिल वीज मंडळाला भरतो. पूर्वीच्या नोकरीशी एवढं इमान कोण राखतो!

दिवे लाल आणि निळे. पानांना या दोन रंगांचा उजेड सर्वांत जास्त मानवतो, हिरवा ती त्या मानाने जास्त परत पाठवतात, म्हणूनच आपल्याला हिरवी दिसतात. लाल आणि निळा मिळून जांभळट गुलाबी होतो आणि टायमर लावलेला असल्यामुळे तो पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत पडद्याच्या कडेनं सांडत असतो. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या एका पोराने वॉचमनला विचारलं, "इथं ब्यूटी पार्लर कोणत्या माळ्यावर आहे?" बागायतदारांनी त्याला वर नेलं आणि निळ्या एलईडीसाठी 2014 साली जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल कसं मिळालं ते सविस्तर सांगितलं. डबा थंड झाला. चौथ्या माळ्यावरून तक्रार आली.

व्याख्यान हा या मंडळींचा जोडधंदा असतो. 1829 च्या सुमारास लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोश काचेच्या बरणीत ठेवला होता. कोशाचं राहिलं बाजूला, बरणीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि टिकला. त्यावरून झाडं वाहून न्यायच्या काचपेट्या निघाल्या, त्या पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. ही गोष्ट रंगवून सांगितल्यावर बागायतदारांनी काकूंकडे लोणच्याची मोठी बरणी मागितली. काकूंनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. बरणी दिली नाही.

पाहुण्यांना मात्र अमेरिकेची गोष्ट सांगतात. नासाने 1989 साली बंद पेटीत प्रयोग करून घरातली झाडं हवेतली काही विषारी द्रव्यं शोषतात असं दाखवलं, हे त्यांना पाठ आहे. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा घराच्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं निघालं. त्यांच्या पुतण्यानं हे कागद दाखवून त्यांचा भ्रमनिरास करायचा प्रयत्न केला. बागायतदारांनी आकडा दोनदा वाचला आणि रॅक वाढवायला टेप आणली.

माती हा नाजूक विषय आहे. विदर्भाची काळी माती म्हणजे कापसाची आई. पण ती कुंडीत घातली की पाणी दिल्यावर चिकटून बसते आणि सुकली की भेगाळते. मुळांना हवाच मिळत नाही. अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या फाटकावरून रोज फिरायला जाणारा हा माणूस घरात नारळाचा भुसा विटेच्या आकारात विकत आणून बादलीत फुगवतो. ज्या मातीवर तीन पिढ्या जगल्या, ती त्यांनी नापास केली आणि तिच्या जागी दक्षिणेकडचं काथ्याचं चूर्ण पास केलं. काकूंनी विचारलं, "आपल्या गावची माती काय वाईट होती?" ते म्हणाले, "भावनेत वाहू नका, निचरा बघा."

हाताला मात्र संत्र्याचीच सवय. घरातलं झाड कोणतंही असो, दुखणं संत्र्याचंच. पानावर काळपट थर दिसला की "कोळशी." खोडातून चिकट काही आलं की "डिंक्या." बैठकीतल्या रबराच्या झाडाला त्यांनी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मलम फासला, खालून दोन फूट, बागेत फासतात तसा. हे मिश्रण 1880 च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांच्या वेलींसाठी नावारूपाला आलं. तिथून ते वरुडला आलं आणि वरुडहून सोफ्याच्या कव्हरवर. मुलगी पाहायला आलेली मंडळी निळ्या डागावर बसायचं टाळून उभीच राहिली. काकूंच्या भाचीचं ते स्थळ होतं. मुलाकडच्यांना उभं ठेवणारं घर म्हणून त्याची अजून आठवण काढतात.

मे महिन्यात तर कहर झाला. मृग बहार घ्यायचा तर संत्र्याला उन्हाळ्यात पाणी तोडून ताण देतात. मग पावसाच्या पाण्यानं झाड फुलावर येतं. बागायतदारांनी पीस लिलीला ताण दिला. ते झाड तहानेचं सोंग करण्यात पटाईत, दोन दिवसांत अंग टाकून कुंडीवर पडलं. काकू लपून पाणी घालत, झाड उठून बसे. बागायतदार सकाळी येऊन म्हणत, "बघा, ताण मानवला." दोघांचाही आपापल्या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला.

पोळ्याच्या सुमारास पिठ्या ढेकूण आला. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके आणि खाली चिकट थेंब. निंबोळी अर्क झाला, साबणाचं पाणी झालं, कापसाच्या बोळ्यानं एकेक ठिपका पुसणं झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, लोक आपापल्या पीडा तिच्या हवाली करतात. काकूंनी गॅलरीतूनच हात जोडले आणि आरडून सांगितलं, "पिठ्या ढेकूण घेऊन जा गे मारबत!" थोडं थांबून हळू आवाजात आणखी काही सांगितलं. ते मला ऐकू आलं, पण बागायतदार अजून घरातच आहेत, यावरून मारबतीनं ते मनावर घेतलं नसावं.

मग आला मजुरांचा प्रश्न. मुलीकडे पुण्याला आठ दिवस जायचं होतं. बागायतदारांनी दोन पानी वेळापत्रक लिहून काढलं: कोणत्या कुंडीला किती मिली पाणी, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, कोणत्या पानांवर फवारा मारायचा आणि कोणत्यांवर चुकूनही मारायचा नाही. धुणंभांडी करणाऱ्या ताईंनी कागद पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "काका, मी भांड्यालेबी एवढं पुसत नाही." चौथ्या माळ्यावरचा पोट्टा तयार झाला, पण त्याने तासाचा दर विचारला. शेवटी काकू पुण्याला गेल्या, काका राहिले. खाली भेटले तेव्हा सुस्कारा टाकून म्हणाले, "काय सांगू भाऊ, मजूरच मिळून नाही राहिले. शेती परवडत नाही आता."

हवा झाली, पाणी झालं, रोग झाला, मजूर झाले. बागायतदाराला लागणारी सगळी दुखणी त्या खोलीत जमली होती. उणीव होती एकाच दुखण्याची, आणि त्याशिवाय बागायतदाराला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. भाव! खोलीतला माल कुठं विकलाच जात नव्हता, मग भाव पडणार कसा?

ही उणीव काकूंनी भरून काढली. मनी प्लांटच्या वेली रॅकवरून उतरून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. काकूंनी त्या कात्रीनं छाटल्या, प्रत्येक तुकड्याला एक गाठ ठेवली, जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत पाण्यात उभ्या केल्या आणि मुळं फुटल्यावर भिशीला नेल्या. पन्नास रुपयाला एक. पहिल्याच दिवशी सगळ्या गेल्या. बागायतदारांना कळलं तेव्हा ते संतापले. "माल माझा आणि सौदा कोणाला विचारून?" मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पन्नास कोणी ठरवले? साठ मिळाले असते."

पुढच्या भिशीला काकू दुप्पट बाटल्या घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. पहिल्या खेपेला ज्यांनी मनी प्लांट नेले त्यांच्या वेली वाढल्या होत्या. त्या बायकाही गाठी ठेवून छाटायला शिकल्या होत्या. कोणी तीसला देत होतं, कोणी वीसला आणि देशपांडेकाकू तर हळदीकुंकवाच्या वाणात फुकट वाटत होत्या.

त्या संध्याकाळी बागायतदार पार्किंगमध्ये आले. चप्पल एकाच पायात नीट होती. "आवक वाढली," त्यांनी जाहीर केलं. "कळमन्याच्या मंडईत नेहमी होते तेच. माल बाजारात आला की व्यापारी भाव पाडतात. शेतकऱ्याचं कोणी नाही, बाप्पा." मग ते अर्धा तास सरकारच्या धोरणावर बोलले, शीतगृहांवर बोलले, दलालांवर बोलले. वॉचमन हातातलं काम टाकून ऐकत होता. इतकं समाधानी मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. हमीभावाची मागणी काकूंकडे करायची की थेट भिशीकडे निवेदन द्यायचं, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं.